दाबा, धरा, सोडा

गेले दोन रविवार आमची गाडी पुढची दोन्ही चाकं काढलेल्या अवस्थेत दारात उभी होती. जाणारा-येणारा "विकायला काढली का?" विचारून जात होता. त्या सगळ्यांना, आणि "तुला हे उद्योग कुणी सांगितले?" असं फोनवर विचारणाऱ्या आत्यालाही, हे एकदाच सविस्तर उत्तर.

गाडी २००९ सालची. पावसाळा संपला आणि ब्रेक मारला की ती डावीकडे ओढायला लागली. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून पूर्णा गावात येईपर्यंत डावं चाक इतकं तापायचं, की जवळ हात नेला तरी धग लागायची. आमचा रस्ता तुम्हाला माहीत आहेच. दोन्ही बाजूंना गोदामं आणि मधूनच आडवा होणारा कंटेनर. काल्हेर ते अंजूरफाटा माणूस ब्रेकवर पाय ठेवूनच जगतो. एका मेकॅनिकने पॅड घासून दिले, पैसे घेतले, चार दिवसांत परत तेच. दुसरा म्हणाला, दोन्ही कॅलिपर नवेच टाका. इकडे आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. शेवटी रबरांचं किट आणलं आणि स्वतःच उघडायला बसलो. (खरं कारण पैसे. बाकी हट्ट.)

कॅलिपर म्हणजे फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा लोखंडी पंजा. पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने आतला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबले जातात. पाय उचलल्यावर पिस्टन मागे ओढायला एखादी स्प्रिंग असेल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. नसते! पिस्टनभोवती चौकोनी कडांची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती त्याच्याबरोबर किंचित वाकते, आणि दाब गेला की पूर्ववत होताना त्याला मागे घेऊन येते. केसाएवढं अंतर, पण तेवढ्यात चाक मोकळं होतं. आमची रिंग कडक झाली होती, बाहेरचं धुळीचं रबर फाटलं होतं आणि आत पाणी जाऊन पिस्टनला गंजाचे खड्डे पडले होते. तो पिस्टन नवाच घ्यावा लागला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक तर ठार जाम.

अडकलेला पिस्टन काढायला काही जण हवेचा पाइप लावतात. तो गोळीसारखा सुटतो, मध्ये बोटं असली तर संपलं. मी नळी न सोडता पेडल मारूनच तो हळूहळू बाहेर आणला.

आता आबा. आबा आयुष्यभर भिवंडीत लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारे. रिटायर झाल्यापासून कोणी काही उघडलं की ते शेजारी खुर्ची टाकून बसतात. म्हणाले, "सगळं रॉकेलमध्ये टाक." मी म्हटलं, "नको, ब्रेकची रबरं रॉकेलने फुगतात." हे खरंच आहे, पण मी जरा ज्या आवाजात बोललो तो मला आता आठवायला नको वाटतं. थोड्या वेळाने ते आतून खडू घेऊन आले. "डावं-उजवं लिहून ठेव." मी म्हटलं, "आबा, दोनच तर आहेत."

दुपारी सगळं जोडलं. नळीतली हवा काढायला पेडलवर आबा, चाकापाशी मी. "दाबा... धरा..." मी निपल सैल करायचो, बुडबुडे यायचे, निपल बंद. "सोडा." असं किती वेळा! अर्धा लिटरची बाटली संपली, आबांचे गुडघे बोलायला लागले, पण पेडल स्पंजासारखंच. ट्रकच्या ब्रेकला हवा लागते आणि आपल्या ब्रेकला हवा चालत नाही. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि पायाचा सगळा जोर तिथेच मुरतो.

तो आठवडा वाईट गेला. दुसऱ्याने केलेलं काम बिघडलं तर शिव्या तरी देता येतात. इथे रात्री पडल्यापडल्या एकच विचार, यात मी आईला बसवणार आहे का? टॅक्सी सांगून ठेवावी, हेही मनात येऊन गेलं. आबा ब्रेकबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी दुसरी बाटली. दहा-बारा वेळा पेडल मारून आबा उतरले, दाराला धरून कसेबसे खाली बसले आणि चाकाच्या जागी बघत राहिले.

"हवा वर जाते ना रे?"

"हो."

"मग हा निपल खाली कसा?"

मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता. दोन्ही बसतात, बोल्टही नीट आवळले जातात, फक्त हवा काढायचं तोंड तळाशी जातं आणि हवा वर अडकून राहते. नळी जरा पीळ घेतेय हे मला जोडतानाच दिसलं होतं. चालतंय म्हटलं होतं. मागातही डावा-उजवा असे दोन प्रकार असतात म्हणे, आणि आबांच्या हातून उमेदवारीत कधीतरी हेच झालं होतं. ते त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

अदलाबदल केली. पाचव्या 'सोडा'ला पेडल दगडासारखं घट्ट. आधी गल्लीत चालण्याच्या वेगाने, मग गोदामाच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर. आबा शेजारी. "मार जोरात." मारला. गाडी सरळ रेषेत थांबली, दोन्ही चाकं सारखीच कोमट.

आईचं ऑपरेशन झालं, टॅक्सी लागली नाही. येताना काल्हेरला एक कंटेनर आडवा आला. आई म्हणाली, "हळू रे." बस, इतकंच.

एक वाद मात्र अजून चालू आहे. उरलेलं ब्रेक ऑइल आबांनी जपून माळ्यावर ठेवलंय. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते. नवं डॉट-३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ते १४० पर्यंत खाली येऊ शकतं, हे सगळं मी सांगून पाहिलं. म्हणतात, "अर्धी आहे अजून." झाकणावर खडूने तारीखसुद्धा लिहिली आहे.