परमुलखातली हजेरी

चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन हा वस्तुतः चित्रे पाहण्याचा प्रसंग नव्हे. चित्रांकडे पाठ करून, हाती पेला धरून चाललेल्या संभाषणांत भिंतीवरील कृतींना फारसा वाव उरत नाही. परंतु लंडनमध्ये मुलीकडे मुक्कामास असताना माझ्या एका पवईकर स्नेह्याच्या चित्रांचे उद्घाटन झाले, त्या सायंकाळी अशा समारंभास जुन्या माणसाने अगत्याने हजर का राहावे, हा विचार माझ्या मनात प्रथमच स्पष्टपणे उभा राहिला.

पवई-लंडन हा ऋणानुबंध तसा जुना आहे; फ्रामजी कावसजींनी पवईच्या आपल्या बागेतील आंबे १८३८ मध्ये राणी व्हिक्टोरियाला लंडनला धाडले होते. माझा स्नेही गेला तो बोरू घेऊन. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हाताखाली त्याने अक्षर घटवले. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी एकोणिसाव्या शतकातच बांधलेला, पण ज्याचे पाणी पिण्यालायक ठरले नाही असा पवईचा तलाव त्याच्या वसतिगृहापासून चार पावलांवर होता. तेथील बांधावर आमच्या कित्येक संध्याकाळी गेल्या.

दालनातील सर्वांत मोठ्या चित्रापुढे मी बराच वेळ उभा होतो. रुंद कत मारलेल्या बोरूने ओढलेला एकच उभा दंड. त्याच्या तळाशी शाई साचून कागद किंचित फुगलेला, मध्ये बोरू कोरडा पडल्याने सुटलेले शुभ्र तंतू, आणि त्या तंतूंमधून डोकावणारा, जलपर्णीने झाकलेल्या पाण्याचा असतो तसा गढूळ हिरवा रंग. तेथील प्रेक्षक ते चित्र मन लावून पाहत होते, आणि त्यांच्या पाहण्यात उणे काही नव्हते, कारण चित्र समजण्यास चित्रकाराचे गाव ठाऊक असावे लागते असे मी मानीत नाही. मात्र रद्दी वर्तमानपत्रांवर रात्र रात्र निव्वळ काळ्या रेघा ओढणाऱ्या, रंगाला हात लावण्याची आपली अजून लायकी नाही असे म्हणणाऱ्या त्या मुलाला त्या दालनात मीच काय तो ओळखत होतो. हा हिरवा रंग किती वर्षांच्या संयमानंतर कागदावर उतरला, याला तेथे दुसरा साक्षीदार नव्हता.

अशा साक्षीदारांचा तुटवडा पडला म्हणजे काय होते, हे सदानंद बाक्रे यांच्या उदाहरणावरून मला दिसते. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांतील हे एकमेव शिल्पकार १९५१ मध्ये लंडनला गेले. त्यांच्या आधी दोन वर्षे तेथे पोहोचलेल्या गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझांचा, हलाखीत काही वर्षे काढल्यावर, १९५५ मधील गॅलरी वनच्या प्रदर्शनाने बोलबाला झाला. बाक्रे मात्र सुमारे पाव शतक तेथे काम करून १९७५ मध्ये परतले आणि कोकणात मुरूड-हर्णैला राहिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. लेखकांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या आपण मराठी माणसे निष्ठेने पाळतो. पण या शिल्पकाराची पंचवीस वर्षांची परदेशातली वाट त्याच्यासोबत कोणी चाललेले नव्हते, म्हणून तो परतला तेव्हा त्याच्या कामाचा दाखला देणारेही फारसे कोणी उरले नाहीत, असे मला वाटते, आणि त्याचे मला मनापासून दुःख होते.

मंडळी पांगल्यावर स्नेह्याने मला हात धरून पुन्हा त्याच चित्रापाशी नेले. सायंकाळभर स्तुती ऐकून तो तृप्त झाला असेल, ही माझी समजूत त्याच्या पहिल्याच प्रश्नाने दूर केली.

"खालचा कोपरा जड झालाय का रे?"

"झालाय. शाई बोटभर आधी थांबायला हवी होती."

"मलाही तेच वाटतंय. इथे कुणी बोललं नाही."

मग आम्ही प्रत्येक चित्राशी थांबत सबंध दालन पाहिले, आणि त्याच्या उत्कृष्ट चार चित्रांना मी चांगली म्हटले तेव्हा त्याने ते मान्य केले. ही चित्रे मुंबईत लागली पाहिजेत, असा आग्रह मी धरला. "जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला वर्षं लागतात," तो म्हणाला. "लागू देत, तू अर्ज तर कर," मी म्हणालो. आणि पहारेकरी दिवे मालवायला येईपर्यंत कोणती चित्रे पाठवायची, याची यादी आम्ही निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर करीत बसलो.