मुका मार

आमच्या मुळशीत पाऊस लागला की शाळेच्या पायऱ्या हिरव्यागार होतात. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत तिथंच घसरला आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला. रक्त नाही, खरचटलं नाही, नुसतं टेंगूळ. मुका मार म्हणून मी पाणी पाजलं आणि वर्गात बसवलं. घरी आजी म्हणाली, "टेंगूळ आलंय ना, मग मार बाहेर पडला." आपल्याकडे असं सर्रास म्हणतात. मीही लहानपणापासून तेच ऐकलंय.

संध्याकाळी त्याला दोनदा उलटी झाली. आई पिरंगुटला कंपनीत कामाला. ती शिफ्ट सुटून आली आणि तशीच त्याला घेऊन पुण्याला गेली. सीटी स्कॅन झाला, रिपोर्ट नॉर्मल. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी तो शाळेत आला.

माझी खरी चूक यापुढची आहे.

पाढे खडाखडा म्हणणारा हा मुलगा सतराच्या पाढ्यात अडकायला लागला. फळ्यावरचं उतरवताना मध्येच डोळे मिटून बसायचा. वर्ग एकदम कविता म्हणायला लागला की कान झाकायचा. एकदा तर मित्राला ढकलून दिलं. मला वाटलं, चार दिवस घरी लाड झाले, आता नाटकं करतोय. रिपोर्ट तर नॉर्मल होता! एक दिवस मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. तो रडला नाही, नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आई आली. "बाई, माझं पोर असं नव्हतं हो. पडल्यापासून बदललंय." आम्ही दोघी त्याला घेऊन परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं, की सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. पण मेंदूला हादरा बसला असेल तर तो बहुतेक वेळा दिसत नाही. डोकं दुखणं, उजेड-आवाज सहन न होणं, विसरणं, चिडचिड ही त्याचीच लक्षणं. बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात, पण मेंदूला विसावा द्यावा लागतो.

मग आधी अर्धा दिवस शाळा. गृहपाठ बंद, मोबाइल-टीव्ही अगदी कमी. खिडकीपासून लांब जागा, आणि डोकं दुखायला लागलं की ऑफिसात सतरंजीवर आडवा. चाचणी पुढे ढकलली. खेळ मात्र पूर्ण बंद, कारण पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. कबड्डीसाठी तो रोज भांडायचा. क्रिकेटमध्ये २०१९ पासून असा मार बसलेल्या खेळाडूला बाहेर काढून बदली खेळाडू देतात, हे कळल्यावर जरा ऐकायला लागला. वडिलांना मी रमण लांबांबद्दल सांगितलं. १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला, हेल्मेट न घालता उभे असताना त्यांच्या डोक्याला चेंडू लागला. स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले आणि काही दिवसांतच वारले.

म्हणून पालकांनो, पोर चालतंय-बोलतंय यावर जाऊ नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, शुद्ध हरपणं, बोलणं अडखळणं, हातापायातलं बळ जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, हलवूनही नीट जागं न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. मानेलाही मार असेल असं वाटलं तर उचलाउचली करू नका. ताम्हिणीकडच्या वाड्यांवरून दवाखाना गाठायलाच किती वेळ जातो! तेव्हा "सकाळी बघू" नको. पहिले एक-दोन दिवस मुलाजवळ मोठं माणूस हवंच.

आता ऑफिसात एक वही ठेवलीय. कोण पडलं, किती वाजता, कुठं लागलं ते लिहायचं आणि त्याच दिवशी घरी चिठ्ठी किंवा फोन. डोक्याला लागलेलं मूल पुढचे पंधरा दिवस वर्गात कसं वागतं, तेही मी त्यातच लिहिते.

तो दिवाळीनंतर कबड्डीत उतरला. पायऱ्यांवर आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ खरवडलं होतं. यंदा पाऊस लांबलाय, ते परत आलंय. शनिवारी पुन्हा खरवडायचं आहे.