नववीतलं पुस्तक

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ मौजेनं २००४ साली काढली. मी ती वाचली फार उशिरा, आणि तीही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये, तिसऱ्या पाळीला.

‘पंचतारांकित’ या शब्दाला बाहेरचा माणूस हमखास फसतो. त्याच्या डोळ्यापुढं हॉटेल येतं. इथं काळी वाळू, भट्टीची धग आणि पहाटे पेंगणाऱ्या माणसांनी भरलेल्या कंपनीच्या गाड्या. रात्री दोननंतर स्टोअरकीपरला थोडी सवड मिळते. कुणी ग्राइंडिंग व्हील किंवा हातमोजे मागायला खिडकीशी आला की चिठ्ठी घ्यायची, सामान द्यायचं आणि पुन्हा पान उघडायचं.

पुस्तक माझं नव्हतं. नववीतल्या लेकीनं मैत्रिणीकडून आणलं होतं. तिच्या अम्मीनं चार पानं चाळली आणि ते माझ्यापुढं आदळलं. “लडकी की जात है, ऐसी किताबां कायकू? पैले तुमे पढो, फिर बोलो.” तिचा राग अगदीच अनाठायी नव्हता. नात्यातून ‘दहावी झाली की बघू, आत्ता फक्त बोलून ठेवू’ अशी कुजबुज सुरू झाली होती. अशा वेळी पोरीच्या दप्तरात प्रेमाची कादंबरी सापडणं म्हणजे त्या कुजबुजीला पुरावाच.

वाचायला लागलो आणि हसू आवरेना. आणीबाणीचा काळ, लहानसं गाव, नववीचा वर्ग. मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या. अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून, कोण कुणाला लाइन देतं यावर ही पोरं अशी चर्चा करतात की मोहल्ल्यातले बुजुर्गही निकाहाच्या बोलणीत इतके गंभीर नसतील. शिरोडकर नुसती दिसावी म्हणून जोशी काय काय बेत रचतो! नरूमामाचं तर विचारूच नका. एका पानाला मी इतक्या मोठ्यानं हसलो, की मोल्डिंगचा पोऱ्या खिडकीतून डोकावून “चाचा, तब्येत बरी हाय न्हवं?” म्हणाला.

मग सुऱ्या केवड्याला विचारतो, प्रकरण शाळेपर्यंत जातं, मार बसतो. तिथं माझं हसू थांबलं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या वहीत अशीच एक चिठ्ठी सापडली होती. लिहिली होती पोरानं. त्याला घरी दोन थपडा बसल्या आणि सोमवारी तो पुन्हा वर्गात जाऊन बसला. तिचं दप्तर माळ्यावर गेलं. तिनं उत्तर लिहिलं होतं की नाही, हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

पुस्तक संपवून मी ते लेकीच्या हातात दिलं. दोन दिवसांत तिनं फडशा पाडला. मी अंदाज घ्यावा म्हणून विचारलं, “कैसी लगी?” ती म्हणाली, “हसी बहोत आयी. लेकिन अब्बा, वो लडकी का क्या हुआ, वो लिख्याच नै.”

खरंच आहे. शिरोडकर निघून जाते आणि आपण जोशीबरोबर मागं राहतो. गोष्ट सांगणारा तो, म्हणून दुःखही त्याचंच दिसतं. मुलगा सांगतोय म्हटल्यावर ते तसंच असणार, त्यात लेखकाचा दोष नाही. पण हेच सगळं शिरोडकरनं सांगितलं असतं तर ते इतकं विनोदी झालं असतं का, हा प्रश्न माझ्या पोरीनं माझ्यापुढं टाकला. आणि अशा पोरीच्या हातून पुस्तक काढून घ्यायला मी निघणार होतो म्हणे!

कागलचं शाळेशी नातं जुनं आहे. आनंद यादव इथलेच. त्यांच्या ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाळेत जायला मिळावं म्हणून बापाशी झगडणाऱ्या पोराची ती हकीकत. ‘शाळा’तल्या पोरांना वर्गातला बाक आपसूक मिळालेला, म्हणून प्रेमात पडायला सवड. आमच्या मुलींना मात्र मिळालेला बाक टिकवण्यासाठी रोज झोंबी घ्यावी लागते आणि शेजारच्या बाकाकडं मान वर करून बघायचीही चोरी.

नात्यातला निरोप पुन्हा आला तेव्हा मी सांगितलं, कॉलेज होईपर्यंत हा विषय आमच्या घरात काढू नका. एक चुलते उठून गेले, ईदलाही आले नाहीत. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाळी संपवून घरी आलो तर चुलीवर चहा उकळून सांडत होता आणि ती नरूमामापाशी पोचली होती.