भुईकोटाला दाखवणारा लागतो

१/ डोंगरी किल्ला दुरूनच आपली ओळख देतो. भुईकोटाला मात्र दाखवणारा लागतो. चाकणमधून रोज कंपन्यांच्या बस कामगारांना घेऊन जातात. गावातला संग्रामदुर्ग त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नसतो.

२/ वाट दाखवणाऱ्यांची व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांनी यात्रेकरूंच्या वंशावळी पिढ्यानपिढ्या वह्यांत जपल्या. कोणत्या घराण्याचा उपाध्याय कोण, हे ठरलेले असे. सांगणारा बदलला तरी नोंद टिके.

३/ आधुनिक गाइडांनीही संघटना बांधल्या. १९८५ मध्ये त्यांच्या जागतिक महासंघाची पायाभरणी झाली. २१ फेब्रुवारी हा त्यांचा जागतिक दिन. मानधन, परवाने, प्रशिक्षण हे त्यांचे नित्याचे विषय. पण त्याहून जड प्रश्न असा की सांगितलेल्या इतिहासाची जबाबदारी कोणाची?

४/ चाकणमध्ये हा प्रश्न टोकदार होतो. २१ जून १६६० रोजी शाहिस्तेखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. भर पावसाळ्यात मोगलांनी जमिनीखालून भुयार खणत बुरुजाचा पाया गाठला.

५/ १४ ऑगस्टला सुरुंग उडाला, बुरुज कोसळला. मोगल आत धावले, तर समोर मातीचा उंच बांध! मराठ्यांनी तो मागे उभारून ठेवला होता. त्या दिवशी हल्ला तिथेच अडला. दुसऱ्या दिवशी मात्र तट मोगलांच्या हाती गेला आणि शिबंदीला शरण जावे लागले. मोगलांचे २६८ सैनिक ठार आणि ६०० जखमी झाले.

६/ इथे सांगणाऱ्याची कसोटी लागते. टाळ्यांसाठी आकडे फुगवावेत, शेवटचा दिवस गाळावा, हा मोह एकट्याला आवरत नाही. चूक दाखवणारे सहकारी आणि एकत्र पडताळलेली टिपणे असली, तरच कथा जागेवर राहते. संघटनेचे खरे काम हेच.

७/ किल्ला पडला, हे लपवण्याची गरज नाही. दख्खनच्या मोगल सुभेदाराला एका भुईकोटासाठी ५६ दिवस खर्चावे लागले, हीच फिरंगोजींची कामगिरी. आज तिथे थोडा तट, काही बुरुज आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत. तो बांध कुठे असेल, हे नेमकेपणाने आणि प्रामाणिकपणे सांगणारा सोबत असेल, तर तेवढेही पुरते.