पाण्याचे नाव

ऑकलंडमध्ये आम्ही चौघे मराठी माणसे महिन्यातल्या एका शुक्रवारी गाणी ऐकायला जमतो. यजमान जे लावील ते निमूट ऐकावे आणि संपल्यावर मनसोक्त भांडावे, एवढाच आमचा नियम. गेल्या हिवाळ्यातली एक अख्खी रात्र एकाच माओरी गाण्यावर खर्ची पडली. ते म्हणजे ‘पोकारेकारे आना’. (नाव कानी पडताच आमच्यातल्या गोवेकराला प्रभाकर कारेकर आठवतात, आणि दरवेळी तो ते बोलूनही दाखवतो.) नावात खळबळलेले पाणी आहे. तू ओलांडून येशील तेव्हा ते निवळेल, असा प्रियकराचा भरवसा आहे.

गाणे कुणी रचले याचा निकाल आजवर लागलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ऑकलंडजवळ प्रशिक्षण घेणाऱ्या माओरी सैनिकांच्या तोंडी ते रुळले. पाराइरे तोमोआना यांनी १९१७ मध्ये त्यावर हात फिरवला आणि १९२१ मध्ये शब्द छापले. पुढे शब्द फारसे बदलले नाहीत. बदलले ते पाण्याचे नाव. पूर्व किनाऱ्यावर वायआपू नदी, तर मध्यभागी रोटोरुआचे सरोवर. त्याच सरोवरातून हिनेमोआ रात्री पोहत जाऊन मोकोइया बेटावरच्या तुतानेकाईला भेटली, अशी कथा आहे. ज्याचे त्याचे पाणी गाण्यात येते. जात्यावरच्या ओवीत गावाचे नाव बदलावे तसेच हे.

त्या रात्री तीन ध्वनिमुद्रणे होती. पहिले किरी ते कानावा यांचे, १९९९ च्या ‘माओरी साँग्ज’मधले. आमच्यातल्या गाणे शिकलेल्या मित्राचा कौल त्यालाच. आवाजाची घडण, श्वासाचा हिशेब, सारे निर्दोष आहे हे आम्हीही मानले. पण त्या गळ्यात पाणी आधीपासूनच निवळलेले आहे. मग कुणी ओलांडून यावे कशाला? हेली वेस्टेनरा हिचे २००३ मधले गाणे आम्ही लवकर बाजूला ठेवले. सोळा वर्षांच्या मुलीचा नितळ आवाज ऐकायला गोड, एवढेच. (यावर गोवेकर अजून रुसलेला आहे.)

तिसरे आना हातो हिचे. १९२७ मध्ये रोटोरुआला पार्लोफोन कंपनीने ते मुद्रित केले, तेव्हा ती विशीत होती. या मुद्रणात खरखरीतून आवाज वर येतो. तो सजवलेला नाही, कुणाला ऐकवण्यासाठी लावलेला वाटत नाही. आम्हांपैकी एक जण संध्याकाळच्या वर्गात माओरी शिकतो. त्याने ऱ्हस्वदीर्घाचा मुद्दा काढला: नावातला पहिला ‘ओ’ दीर्घ आहे आणि हातोच्या तोंडी तो सहज लांबतो, कारण ती तिची बोलण्याची भाषा आहे. गाणे शिकलेला मित्र उसळला. भाषा येत नसताना आपण उच्चारांचे परीक्षण करायचे, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त होता. उत्तर आम्हांला सुचले नाही आणि वाद तसाच पुढे ढकलला गेला.

चौथा, साताऱ्याचा, तोवर गप्प होता. हातोचे गाणे त्याने पुन्हा लावायला सांगितले, आणि मग पुन्हा.

त्याची आई एप्रिल २०२१ मध्ये गेली. न्यूझीलंडने त्याच महिन्यात भारतातून येणाऱ्यांना, स्वतःच्या नागरिकांनाही, काही काळ दार बंद केले होते. गेलो तर परत कधी येता येईल हे कळायला मार्ग नव्हता आणि घरात दोन लहान मुले होती. तो गेला नाही. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर झालेले अस्थिविसर्जन त्याने फोनच्या पडद्यावर पाहिले. हे आम्हांला ठाऊक होते, पण चार वर्षांत त्यावर कधी बोलणे झाले नव्हते.

“अरे, पण हे प्रियकराचे गाणे आहे,” गोवेकर न राहवून म्हणाला.

“असू दे. पाणी निवळेल असे तो म्हणतो. निवळले असे कुठे म्हणतो? सैनिक गात होते ना? त्यांतले किती जण परत आले?”

२०१३ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा संमत झाला तेव्हा वेलिंग्टनच्या संसदेत प्रेक्षकसज्जातून हेच गाणे उठले होते आणि खाली खासदारही उभे राहून गायले होते, याची आठवण माओरी शिकणाऱ्याने दिली. विषय हलका करण्याचा तो प्रयत्न असावा. गाणे कुणाकुणाचे होते हे त्याला सांगायचे असेल. ते साताऱ्याच्या मित्राने ऐकले की नाही, कोण जाणे.

कारण तो गुणगुणू लागला होता. वायआपूच्या जागी त्याने कृष्णा घातली. मात्रा कमी पडत होत्या, म्हणून शेवटचा ‘आ’ तो लांबवत होता. आमच्या गाणे शिकलेल्या मित्राने, जो एरवी अशा ठिकाणी हात वर करून थांबवतो, त्या रात्री हात मांडीवरच ठेवला.