हे कुठं लिहिलंय?

९ नोव्हेंबर
माळ्यावरची पुस्तकांची पेटी खाली काढली. तळाशी 'स्वामी' कादंबरी. आईची प्रत. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, मधल्या पानांवर हळदीची बोटं. फोडणी टाकून वाचायची, मग भाजी करपायची. शेवटची पन्नासेक पानं मात्र कोरी करकरीत. ती ओट्यापाशी वाचलेली नसणार.

१० नोव्हेंबर
रात्री दीड वाजला. शेवट शाळेपासून ठाऊक आहे: माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयानं जाणार, रमाबाई सती जाणार. तरी वैद्याचं नाव आलं की वाटतं, या खेपेला उतार पडेल. रहस्यकथेचा शेवट कुणी फोडला तर आपण भांडायला उठतो. इथे शेवट आधीच फुटलेला, आणि त्यामुळेच पान उलटायला हात धजत नाही.

१२ नोव्हेंबर
भाची आली होती. तिला माधवराव-रमाबाईंचं एक बोलणं रंगवून सांगत होतो. तिनं शांतपणे विचारलं, "मामा, हे कुठं लिहिलंय?"
मी गप्प. इतक्या वर्षांत ते रणजित देसाईंचं वाक्य आहे हेच विसरलो होतो. जणू शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं.
ती गेल्यावर सरदेसाईंची 'मराठी रियासत' काढली. राक्षसभुवनची लढाई, १० ऑगस्ट १७६३. धोडपला चुलत्याचा पराभव, १७६८. हैदरावरच्या स्वाऱ्या. नवरा-बायकोचं बोलणं कुठून असणार? कारकून सदरेवर बसायचा, माजघरात नाही. पण मरणाच्या दारात माधवरावानं जे लिहवून ठेवलं, त्यात दौलतीचं कर्ज वारण्याची काळजी आहे. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आलेला पोरगा, जाताना हिशेब मिटवायला बघतोय. त्या कोरड्या ओळीपाशी मी संवादांपेक्षा जास्त वेळ थांबलो.

१३ नोव्हेंबर
वीजबिल. दिवसभर वाचन नाही.

१५ नोव्हेंबर
गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' पुन्हा हाती घेतला. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली उत्तरेची वाट धरली. सापडला बंडात. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हा गृहस्थ आत! वाटेत पुन्हा पुन्हा लुटला गेला. अखेर घरी पोचला तो गंगेची कावड घेऊन.
असा नायक योजायला कोणता कादंबरीकार धजेल? भोवती साम्राज्यं हादरताहेत आणि याच्या डोक्यात दक्षिणा, सोवळं, संध्याकाळचं जेवण. म्हणूनच झाशीतली आग मला त्याच्याबरोबर जास्त भाजते. ज्या कादंबऱ्यांत प्रत्येक पात्र मागे तुतारी वाजत असल्यासारखं बोलतं, त्या मी चाळीस पानांत मिटतो. घरातला माणूस मीठ मागतानाही इतिहास घडवत असतो की काय!
भटजींनी हे लिहिलं घटनेनंतर पंचविसेक वर्षांनी. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलं ते हात फिरवून. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर आणलं. म्हणजे 'खऱ्या' पुस्तकावरूनही कुणाचा तरी हात फिरलेला असतोच. हे भाचीला सांगायला हवं. माझी बाजू जरा सावरेल.

१८ नोव्हेंबर
आज थेऊर. १७७२ साली माधवराव गेले ती हीच तारीख, मुद्दामच निवडली. बसनं गेलो, भाची खिडकीशी. चिंतामणीचा लाकडी सभामंडप माधवरावानं बांधलेला. तिनं खांबाला तळहात टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. मग नदीकाठी रमाबाईंचं वृंदावन. मुळा-मुठेवर जलपर्णी, पाण्याला वास, पलीकडे कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणी. 'स्वामी'तलं ते वाक्य ओठांवर आलं, गिळलं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "ते परवाचं, रमाबाईंचं, काय होतं हो?"
सांगितलं. कुठं लिहिलंय हेही सांगितलं.
येताना तिनं पिशवीतला 'माझा प्रवास' काढून घेतला. विचारलंही नाही.

१९ नोव्हेंबर
रात्री पावणेबाराला तिचा मेसेज: "मामा, भटजींचं कर्ज फिटतं का शेवटी?"