राहिलेले घर

वर्षातून एक दिवस मी श्रीमंत असतो. सकाळी यवतमाळच्या दत्त चौकात थोडेसे पैसे मोजले की पिशवीभर सोने पदरात पडते. दिवसभर ते सढळ हाताने वाटीत हिंडावे, आणि रात्री घरी येऊन पाहावे तो पिशवी जशीच्या तशी भरलेली! दिले तितके परत आलेले असते. हिशेबी माणसाला इतका निष्फळ उद्योग दुसरा दिसणार नाही. पण दसऱ्याच्या दिवशी हिशेबी माणसाने घरीच बसलेले बरे.

२०२५ ची विजयादशमी २ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन गांधीजयंतीला आली. दोन सुट्या एकाच दिवसात जिरल्या म्हणून आम्हां प्राध्यापकांत जी हळहळ व्यक्त झाली, ती महात्माजींच्या कानी न गेलेली बरी. सकाळी शस्त्रपूजा झाली. माझी शस्त्रे ती काय असणार? एक जुने फौंटनपेन, कणा खिळखिळा झालेला इंग्रजी शब्दकोश आणि स्कूटर! तिघांनाही झेंडूची फुले वाहिली. चिरंजिवांनी आपल्या संगणकालाही कुंकू लावले. पुरणपोळीचे जेवण आणि त्यानंतरची अपरिहार्य निद्रा आटोपून उठतो, तो सौभाग्यवती हातात यादी घेऊन उभ्या. यादीत बावीस घरे होती.

बावीस घरे म्हणजे बावीस चहा. पहिल्या घरचा चहा मनुष्य आवडीने घेतो, पाचव्या घरचा आग्रहाने, आणि अकराव्या घरचा केवळ स्नेहाखातर. चिवड्याचेही तेच. परंतु यजमानाने 'थोडासा घ्याच' म्हटले की नाही म्हणण्याची कला मला पन्नाशी उलटल्यावरही साधलेली नाही.

आमच्या स्नेहमंडळींत एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांना सोने देणे म्हणजे सराफाच्या कसोटीला उतरणे होय. त्यांनी माझे पान उजेडात धरले आणि निकाल दिला, "हा आपटा नव्हे, कांचन आहे. आपट्याचे पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक. तुमचे हे लांबट, मऊ पान त्याच कुळातले खरे. पण भाऊबंद म्हणजे तो स्वतः नव्हे." बाजारात आपटा म्हणून कांचनच खपतो, हे त्यांचे दर वर्षीचे दुःख आहे. शेजारी बसलेले वृद्ध वकील म्हणाले, "याच जिल्ह्यात, पुसदला, १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. आता आपण दर दसऱ्याला झाडे ओरबाडतो. फरक एवढाच की त्याबद्दल आपल्याला कोणी तुरुंगात धाडीत नाही." मी मुकाट्याने पिशवीचे तोंड आवळले.

एका सहकाऱ्याचे दार मात्र बंद होते. ते या दिवशी नेहमीच नागपूरला दीक्षाभूमीवर असतात. १९५६ साली अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबर रोजी, डॉ. आंबेडकरांनी तेथे लक्षावधी अनुयायांसह धम्म स्वीकारला. तेव्हापासून आमच्या विदर्भात हा एकच दिवस दोन वाटांनी उजाडतो. आमची त्यांची भेट दुसऱ्या दिवशी ठरलेली, आणि ती गर्दी ओसरल्यावरची असल्यामुळे अधिक निवांत होते.

सतराव्या घरी एका सात-आठ वर्षांच्या मुलाने मला विचारले, "आजोबा, पानाला सोनं का म्हणतात?" मास्तरकीचा धंदा करणाराला यापरते निमंत्रण कोणते? मी त्याला कौत्साची कथा सांगितली. कौत्स हा वरतंतू ऋषींचा शिष्य. विद्या पुरी झाल्यावर त्याने गुरुदक्षिणा विचारली. तुझी सेवा हीच दक्षिणा, असे गुरू म्हणाले. शिष्य ऐकेना. तेव्हा गुरूंनी संतापून सांगितले की, चौदा विद्या शिकलास, तर चौदा कोटी आण! कौत्स रघुराजाकडे गेला. राजाने यज्ञात सर्वस्व दान केलेले. अतिथीला अर्घ्य द्यायलाही मातीचे पात्र. याचकाला रिकाम्या हाताने कसे पाठवावे म्हणून त्याने कुबेरावरच स्वारी करण्याचे ठरविले, आणि त्या रात्रीच सोन्याचा पाऊस पडला. कालिदास तो राजाच्या कोषागारात पाडतो, लोककथा आपट्याच्या झाडावर पाडते. राजा म्हणे, सगळे ने. कौत्स म्हणे, चौदा कोटींहून एक नाणे अधिक नको.

मला वाटले, मुलगा सोन्याच्या राशीत रमला असेल. त्याने विचारले, "पण त्या गुरुजींना एवढा राग का आला?"

मी हसून वेळ मारून नेली; पण प्रश्न माझ्याबरोबर जिना उतरला. बाविसावे घर आटोपले तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते. दुर्गोत्सवाच्या रोषणाईने रस्ते उजळले होते आणि माणसांच्या लोंढ्यातून स्कूटर ढकलीत न्यावी लागत होती. गर्दीत सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "एक घर राहिलं."

ते घर यादीत नव्हते. सहा दसरे नव्हते.

आम्ही सारे ज्याला मास्तर म्हणतो, तो माझा वर्गमित्र. शाळेत शिकवायचा आणि गावी पाच एकरांत कापूस, सोयाबीन पिकवायचा. ११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवसांत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. येथे पूर्वीचे संमेलन १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. त्याच्या आठवणी आम्ही दोघांनी आपापल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या. साहजिकच मास्तर दोन महिने स्वयंसेवक म्हणून राबला. पुढे उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, आणि अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. मीही फिरविली. ते योग्यच होते, असे मला आजही वाटते. परंतु मी तेवढ्यावर थांबलो नाही. एका स्नेह्याच्या घरी, दहा माणसांत, मास्तर मला समजावू लागला तेव्हा मी म्हणालो, "सतरंज्या अंथरणाऱ्यांनी विचाराच्या भानगडीत पडू नये."

मास्तरने अर्धा प्यालेला चहाचा कप खाली ठेवला आणि तो निघून गेला.

त्यानंतरच्या दसऱ्याला वाटले, तो येईल. पुढची दोन वर्षे करोनाने मला आयती सबब दिली. मग भ्रमणध्वनीवर सोनेरी पानाचे चित्र पाठवावे असे एकदा मनात आले. पण ज्या हाताने ते पाठवायचे तो हात लाजला. आपण तत्त्वासाठी अबोला धरला आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती. त्या पोराने विचारले नसते तर ती तशीच राहिली असती. वरतंतूच्या रागाचे पुढे सोने तरी झाले. माझ्या रागाचे सहा वर्षांत काय झाले होते?

दार वहिनींनी उघडले. "अगंबाई, भाऊजी!" एवढेच म्हणून त्या आत वळल्या. मास्तर दिवाणावर बसला होता. केस पुष्कळ पिकले होते. माझ्याकडे पाहून तो आपल्या वऱ्हाडीत म्हणाला, "सहा वर्सं लागले काय गा तुले आर्णी रस्ता ओलांडाले?"

वाटेत जुळविलेली सारी वाक्ये मी विसरलो. म्हणालो, "ते सतरंज्यांचं वाक्य मी परत घेतो. मत मात्र माझं तेच आहे."

"मत कोन मागते तुले? मत मांगाले निवडणुका हायेत." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण तू याले पायजे होतं गड्या."

उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांच्या हस्ते झाले होते. याच जिल्ह्यातल्या त्या. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. अध्यक्षा अरुणा ढेरे व्यासपीठावर होत्या. मास्तर म्हणाला, "ते बाई बोलत होती तवा मी मांगं सतरंजीवरच बसलो होतो. तुले ऐकाले पायजे होतं."

ते भाषण मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले होते. मास्तरने ते ऐकले होते. यंदाच्या अतिपावसाने त्याचेही सोयाबीन शेतातच काळे पडले होते, हे वहिनींनी चहा आणताना सांगितले. त्याने स्वतः चकार शब्द काढला नाही. माझी भूमिका चुकली असे मला त्या क्षणीही वाटले नाही. पण बरोबर असूनही मनुष्य एखाद्या जागी गैरहजर असू शकतो, हे मात्र कळले. कौत्साने चौदा कोटींवर एक नाणेही घेतले नाही. मतभेदातही आपल्या वाट्याचे तेवढेच घ्यावे. मी त्या दिवशी वरचे बरेच घेऊन बसलो होतो.

मास्तरने शेताच्या धुऱ्यावरून आणलेले पान माझ्या हातावर ठेवले. लहान, जाड, रुंद! माझ्या पिशवीत तळाशी जे उरले होते ते मी त्याला दिले. त्याने ते दिव्याकडे धरले.

"हा कांचन हाये."

"ठाऊक आहे. बाजारात हाच मिळाला."

"असू दे," असे म्हणून त्याने ते सदऱ्याच्या खिशात ठेवले.

तो माझा त्या दिवसाचा तेविसावा चहा होता. शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.